ज्याला वाक्य नाही, त्याच्याकडे बघ

चि. मुलीस,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली यादी वाचली. ब्रिटिश आणि आयरिश नटनट्यांची नावं चांगली निवडली आहेस, पण प्रत्येकापुढे त्याचं एखादं गाजलेलं भाषण लिहून 'हे पाठ करून म्हणून बघू का?' असं विचारलं आहेस. आत्ता तरी नको. तुझी वाणी स्वच्छ आहे, लांब वाक्यं तुला सहज पेलतात. तुझं घोडं अडतं ते रंगमंचावर समोरचा बोलत असताना. तेव्हा तू आपली पाळी यायची वाट बघत उभी असतेस आणि वाक्य आलं की एकदम जागी होतेस. म्हणून ही मंडळी बघायचीच असतील, तर ती गप्प असताना बघ.

सुरुवात 'ब्रीफ एन्काउंटर'पासून कर. डेव्हिड लीनचा १९४५चा चित्रपट. स्टेशनातल्या उपाहारगृहात लॉरा आणि अ‍ॅलेक शेवटचे काही क्षण बसले आहेत. दोघं एकमेकांच्या प्रेमात आहेत, पण दोघांचेही आपापले संसार आहेत, म्हणून पुन्हा भेटायचं नाही असं ठरलं आहे. तेवढ्यात लॉराच्या ओळखीची एक बडबडी बाई त्यांच्या टेबलाशी येऊन बसते आणि थांबतच नाही. अ‍ॅलेकची गाडी येते, तो लॉराच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवतो आणि जातो. निरोपसुद्धा नीट घेता येत नाही. हाच प्रसंग चित्रपटाच्या सुरुवातीला येतो, तेव्हा ही माणसं कोण हे आपल्याला ठाऊक नसतं. शेवटी तो परत येतो, तेव्हा सगळं ठाऊक असतं. दोन्ही वेळा लॉराचं काम करणाऱ्या सीलिया जॉन्सनचा चेहरा बघ. शेजारी बडबड चालू आहे आणि हिचे कान बाहेरच्या गाडीकडे लागले आहेत. कदाचित तो उतरून परत येईल. लॉराचं मनातलं बोलणं आपल्याला ऐकू येतच असतं, म्हणून सीलिया तेच चेहऱ्याने पुन्हा सांगत बसत नाही. हा संयम मला फार मोठा वाटतो. आपल्याकडे मागे करुण सूर वाजू लागला की नट आधीच डोळे भरून तयार असतो.

मग माइक लीचा 'सीक्रेट्स अँड लाइज' घे. १९९६मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि ब्रेंडा ब्लेथिनला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा. ली तयार संहिता घेऊन बसत नाही. कित्येक महिने नटांबरोबर उत्स्फूर्त तालमी करतो, त्यातून पात्रं आणि संवाद घडवतो. आणि पात्राला जेवढं माहीत असेल तेवढंच तो त्या नटाला कळू देतो. जन्मतःच दत्तक दिलेली मुलगी, हॉर्टेन्स, आता मोठी होऊन आपल्या आईला शोधत आली आहे. आई गोरी, मुलगी कृष्णवर्णीय. तालमीत ही मुलगी समोर येईपर्यंत आईचं काम करणाऱ्या ब्लेथिनलाही ते सांगितलेलं नव्हतं.

रिकाम्या कॅफेत दोघी टेबलाच्या एकाच बाजूला, कॅमेऱ्याकडे तोंड करून बसतात. मध्ये एकही कट नाही, कॅमेरा जागचा हलत नाही, मिनिटांमागून मिनिटं जातात. आई आधी ठासून सांगते, असं होणं शक्यच नाही. मग बोलता बोलता तिला काहीतरी आठवतं आणि ती कोसळते. पहिल्यांदा बघताना तुझी नजर ब्लेथिनवरच खिळेल, कुणाचीही खिळते. दुसऱ्यांदा बघताना तिला हाताने झाक आणि फक्त मुलीचं काम करणाऱ्या मारियान जाँ-बाप्टिस्टकडे बघ. तिला वाक्यं थोडी आहेत. आई नाकारते आहे, रडते आहे, आणि ही मुलगी त्यातला एकेक शब्द आत घेते आहे. ती खरोखर ऐकते, म्हणून ब्लेथिनचं रडणं खरं वाटतं. त्या दोघींनाही ऑस्करचं नामांकन मिळालं, ते योग्यच झालं.

डॅनियल डे-लुईसचं नाव तू सगळ्यात वर लिहिलं आहेस. 'माय लेफ्ट फूट'च्या वेळी तो चित्रीकरण नसतानाही व्हीलचेअरमधून उठत नसे, ही गोष्ट तुम्हा मुलांना फार आवडते. तिच्यामागे लागू नकोस. तो नट थोर आहे, पण ती त्याची वाट आहे आणि ती बाहेरून उचलता येत नाही. त्याच चित्रपटात आईचं काम करणारी ब्रेंडा फ्रिकर बघ. डब्लिनमधलं गरीब, मोठं कुटुंब, आणि मुलाला, म्हणजे डे-लुईसला, फक्त डावा पाय हलवता येतो. तो जे बोलतो ते इतरांना कळत नाही, आईला कळतं. फ्रिकर त्याच्याकडे ज्या सवयीने कान देते, त्यात त्या दोघांची सगळी वर्षं दिसतात. तिलाही त्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं, पण तिचं नाव कुणाच्या यादीत नसतं. तुझ्याही नाही.

आता, असं ऐकायला मोकळं कसं व्हायचं? त्याचं उत्तर कंटाळवाणं आहे: पाठांतर. अँथनी हॉपकिन्स संहिता शेकडो वेळा वाचतो, हे त्याने अनेकदा सांगितलं आहे. मग 'द रिमेन्स ऑफ द डे'मध्ये एमा थॉम्पसन त्याच्या हातातलं पुस्तक एकेक बोट सोडवत काढून घेते, तेव्हा त्याला पुढच्या वाक्याची काळजी करावी लागत नाही. (या चित्रपटाचे निर्माते इस्माईल मर्चंट आपल्या मुंबईचे, झेवियर्समध्ये शिकलेले.) 'हंगर'मध्ये मायकेल फासबेंडर आणि लियम कनिंगहॅम यांचा साधारण १७ मिनिटांचा अखंड शॉट आहे: तुरुंगातला कैदी बॉबी सँड्स आणि एक पाद्री, समोरासमोर. त्यासाठी कनिंगहॅम फासबेंडरकडे राहायला गेला आणि दोघं दिवसातून अनेकदा तोच संवाद म्हणत राहिले.

घरचं उदाहरण हवं असेल तर ॲटनबरोंचा 'गांधी' पुन्हा बघ. डॉ. लागू त्यात गोखले आहेत, आणि अगदी छोट्या कामात तरुण डे-लुईसही दिसेल. पण तू रोहिणी हट्टंगडींची कस्तुरबा बघ. त्या पुण्यातल्या, दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात (एनएसडीत) शिकलेल्या. या भूमिकेसाठी त्यांना ब्रिटनचा बाफ्टा हा चित्रपट पुरस्कार मिळाला. आफ्रिकेतल्या आश्रमात संडास साफ करण्यावरून पती-पत्नीचं भांडण होतं. ते ओसरल्यावर गांधी ओशाळलेले असतात, तेव्हा रोहिणीताईंच्या डोळ्यांतला राग कसा निवत जातो तो बघ.

शेवटी २०२२चा 'द क्वाएट गर्ल'. तो बहुतांश आयरिश भाषेत आहे. त्या भाषेतल्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट आंतरराष्ट्रीय चित्रपटाच्या ऑस्करचं नामांकन मिळण्याची ती पहिलीच वेळ. नातेवाइकांकडे राहायला आलेली एक अबोल मुलगी, आणि तिच्याशी कसं बोलावं ते न सुचणारा एक शेतकरी. तो तिच्यासमोर टेबलावर एक बिस्किट ठेवतो आणि निघून जातो. कॅथरिन क्लिंचचं हे पहिलंच चित्रपटातलं काम.

सगळे चित्रपट एकदा उपशीर्षकं लावून बघ, मग ती काढून. भाषा अर्धीच कळेल, पण नजर वाचण्यात अडकणार नाही. नंतर आपल्या एकांकिकेतला दुसरा प्रवेश घे. तुझी सगळी वाक्यं गाळ आणि मैत्रिणीला फक्त तिची म्हणू दे. रविवारी तालमीला मी तेवढंच बघणार आहे.

बाकी भेटीअंती.