कालवं फोडण्याआधी

अगं, पीएचडीला मासळीतून माणसांच्या अंगात जाणाऱ्या जड धातूंचा (शिसं, आर्सेनिक वगैरे) विषय घेतलास, फार बरं वाटलं. पण लगेच मशीनपाशी बसू नकोस. आधी ओहोटीला दाभोळच्या खाडीत बायकांबरोबर उतर. कालवं कोण काढतं, तिसऱ्या (शिंपल्या) घरात आठवड्यातून किती वेळा शिजतात, हे कळल्याशिवाय आकड्यांना अर्थ नाही.

नमुन्यांच्या बाटल्या 10 टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर बुडव. कालवं स्टीलच्या सुरीने सोडवलीस, तर सुरीतलंच क्रोमियम मोजशील. माझा एक अख्खा हंगाम त्यात गेला, अजून हळहळ वाटते.

आर्सेनिकला फार जप. मासळीतलं बहुतेक आर्सेनिक आर्सेनोबेटेनच्या जवळजवळ निरुपद्रवी रूपात असतं. काल कोळंबी खाल्लेल्याच्या लघवीत एकूण आर्सेनिक चढलेलं दिसतं आणि आपण उगीच घाबरतो. म्हणून आधी तीन-चार दिवस मासळी बंद, नाहीतर रूपं वेगवेगळी मोजायची. कोकणात मासळी सोडायला कोण तयार होणार? श्रावणात नमुने घे, पुष्कळ घरांत तेव्हा ती बंदच असते.

शिसं रक्तात महिनाभरात निम्म्यावर येतं, हाडांत मात्र वर्षानुवर्षं राहतं. तेव्हा रक्तावरून जुना हिशेब मांडू नकोस.

आणि निकाल आले की पेपरआधी त्या बायकांना सांगून ये, घरी जाऊन, मराठीत.