पेनांगला क्रूझ एकच दिवस थांबते, तर तो दिवस कसा घालवावा?

टेकडीवर जाऊ नका. जुन्या शहरातच राहा.

तुम्ही लिहिलंय की सिंगापूरहून निघालेलं जहाज सकाळी ८ ला मलेशियातल्या पेनांग बेटाला लागतं आणि संध्याकाळी ५ ला सुटतं. सोबत सत्तरीच्या, पूर्ण शाकाहारी आई आहेत आणि १० वर्षांचा मुलगा आहे. पेनांग हिल, केक लोक सी मंदिर आणि जॉर्जटाउनचं जुनं शहर यांत काय निवडावं, हा तुमचा प्रश्न. मी सिंगापुरात राहते. देशातून येणाऱ्या नातेवाइकांना ही क्रूझ हवीच असते आणि त्यांच्याबरोबर मीही जाते, म्हणून इतक्या ठामपणे सांगतेय.

कागदावर ९ तास दिसतात. पण उतरायची रांग, इमिग्रेशन आणि जहाज सुटायच्या बरंच आधी परत चढायची सक्ती, हे सगळं वजा केलं की हातात जेमतेम सहा तास उरतात. टेकडी आणि केक लोक सी दोन्ही शहराबाहेर, एर इतामच्या बाजूला आहेत. १९२३ साली सुरू झालेली टेकडीवरची दोरखंडाची रेल्वे बघण्यासारखी आहे, यात वाद नाही. पण मोठं जहाज लागलं की त्यातले निम्मे लोक तिकडेच धावतात. वाटेतला ट्रॅफिक आणि दोन्ही वेळच्या रांगा यात अर्धा दिवस जातो, वर ढग असले तर खालचं काहीच दिसत नाही. केक लोक सीला पायऱ्या भरपूर आहेत, आईंना त्रास होईल. पेनांगला कधी दोन-तीन रात्री मुक्काम केलात तर दोन्ही जरूर करा.

जुनं शहर मात्र धक्क्याला लागूनच आहे. स्वेटनहॅम पिअरवर जहाज थेट धक्क्याला लागतं, छोट्या बोटीत उतरावं लागत नाही. बंदराच्या दारातून बाहेर पडलात की दोन मिनिटांत तुम्ही जागतिक वारशाच्या हद्दीत असता. युनेस्कोने २००८ मध्ये मलाक्का आणि जॉर्जटाउन यांना मिळून हा दर्जा दिला. त्याचा गाभा १०९ हेक्टरांचा, म्हणजे रमतगमत चालत बघता येईल एवढाच आहे. दारात टॅक्सीवाले गाठतील, दिवसभराचं पॅकेज सांगतील. नम्रपणे नको म्हणा.

समोरच व्हिक्टोरिया राणीच्या नावाचा मनोरा दिसेल. तिच्या कारकिर्दीला ६० वर्षं झाली म्हणून एका चिनी धनिकाने तो बांधवला, वर्षाला एक फूट याप्रमाणे ६० फूट उंच. शेजारी फोर्ट कॉर्नवॉलिस आहे. १७८६ मध्ये फ्रान्सिस लाइट ईस्ट इंडिया कंपनीसाठी इथे उतरला, तीच ही जागा. किल्ला बाहेरून पाहिला तरी पुरे, पण मुलाला एक गोष्ट नक्की सांगा. या भिंती उभारायला हिंदुस्थानातून आणलेले कैदी राबले. अंदमानच्या कितीतरी आधी काळ्या पाण्याची शिक्षा झालेल्यांना पेनांगला धाडत, आणि त्यांत बंगाल, मद्रास आणि मुंबई तिन्ही इलाख्यांतले लोक होते. आपली माणसं या बेटावर पर्यटक म्हणून येण्याआधी बेड्या घालून आली आहेत, हे मला तिथे दर वेळी आठवतं.

तिथून लिटल इंडियात जा, लेबुह पासार आणि लेबुह क्वीनच्या भागात (लेबुह म्हणजे स्ट्रीट). सकाळी इतर दुकानं उघडलेली नसतात, पण इथे डोसा-इडली मिळतेच. क्वीन स्ट्रीटवरचं श्री महामारिअम्मन मंदिर १८३३ चं आहे. ते आधी करा, कारण दुपारी देऊळ बंद असतं. मग जालान मस्जिद कपितान केलिंग या एकाच रस्त्यावर सावकाश चाला. सेंट जॉर्ज चर्च १८१८ चं. पुढे करुणेच्या देवीचं चिनी मंदिर, तिथे उदबत्त्यांच्या धुराने डोळे चुरचुरतात. मारिअम्मनच्या देवळाची मागची बाजू याच रस्त्याला लागते. आणि पुढे १८०१ मध्ये तमिळ मुसलमान व्यापाऱ्यांनी उभी केलेली कपितान केलिंग मशीद. पाहुण्यांना अंगावर घ्यायला झगे तिथेच देतात. ही सगळी ठिकाणं आजही भरलेली असतात. कामावर जाता जाता माणूस आत येतो, हात जोडतो आणि निघतो. आईंना इथे बसू द्या, घाई करू नका.

त्या चालून दमतील, तर इथली सायकल रिक्षा घ्या. यात प्रवासी पुढे बसतात आणि चालवणारा मागे, त्यामुळे रस्ता समोर मोकळा दिसतो. तासाचे पैसे बसण्याआधी ठरवा. ऊन आणि दमटपणा अंगावर येतो, तेव्हा फुटपाथऐवजी घरांच्या ओसरीतून चाला. इथली जुनी घरं खाली दुकान, वर बिऱ्हाड अशी आहेत, आणि प्रत्येकाला रस्त्याच्या बाजूने कोकणातल्या पडवीसारखी छत असलेली वाट सोडलेली आहे. पाऊस आला तरी बहुतेक अंतर कोरडं राहून कापता येतं. मधेच कोणी मोटरसायकल नाहीतर कुंड्या ठेवलेल्या असतात, तेवढं सांभाळा.

या घरांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण ते माहीत असलं की शहर वेगळं दिसतं. १९६६ च्या भाडेनियंत्रण कायद्यामुळे मालकांना ती पाडण्यात फायदा नव्हता आणि भाडेकरू पिढ्यानपिढ्या तिथेच राहिले. गिरगाव-लालबागच्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. २००० च्या सुरुवातीला हे संरक्षण उठलं, भाडी भडकली आणि अनेक कुटुंबं, कारागीर बाहेर गेले. त्यानंतर आठ वर्षांनी वारशाचा दर्जा आला. घरं वाचली, पण त्यांतल्या कित्येकांची हॉटेलं आणि कॅफे झाले. म्हणून माझा आग्रह आहे की उदबत्त्या वळणारा, पाट्या कोरणारा, टोप्या शिवणारा कोणी दिसला तर थांबा आणि त्याच्याकडून काहीतरी विकत घ्या. चुंबकाच्या खेळण्यांवर पैसे घालवू नका.

मुलासाठी आर्मेनियन स्ट्रीट. २०१२ मध्ये अर्नेस्ट झाखारेविच या लिथुआनियन चित्रकाराने भिंतींवर चित्रं काढली. सायकलवरची दोन मुलं रंगवलेली आहेत, पण सायकल खरी, भिंतीला ठोकलेली. फोटोला रांग असते, थोडं थांबावं लागेल. बाकी गल्ल्यांत लोखंडी सळ्या वाकवून केलेली व्यंगचित्रं आहेत, त्या त्या गल्लीचा इतिहास सांगणारी. ती शोधायचं काम मुलावर सोपवा. याच रस्त्यावर १२० नंबरच्या घरात चिनी क्रांतिकारक नेता सुन यत्-सेन याचा तळ होता. चीनमधल्या १९११ च्या उठावाची आखणी १९१० मध्ये पेनांगमध्ये झाली.

जवळच खू कोंग्सी आहे, खू आडनावाच्या कुळाचं सभागृह आणि मंदिर. आधीची इमारत १९०१ मध्ये जळाली. ती बादशहाच्या महालासारखी दिसत होती म्हणून देव कोपले, असं लोक सांगत, आणि १९०६ ची ही इमारत म्हणे मुद्दाम साधी केली. तिचं छप्पर बघा आणि ‘साधी’ म्हणजे काय ते ठरवा. तिकीट काढून बघावं असं एकच ठिकाण विचाराल तर मी हेच सांगेन. पेरानाकान, म्हणजे इथे पिढ्यानपिढ्या रुजलेल्या चिनी घराण्यांची हवेली सुंदर आहे, पण तिथे मुलं कंटाळतात.

आता जेवण. आईंसाठी लिटल इंडियात केळीच्या पानावरचं शाकाहारी जेवण. तमिळ लोकांना ‘सैवम’ म्हटलं की पुरतं. चिनी बौद्धांची शाकाहारी हॉटेलंही आहेत, पण तिथे सोयाचे पदार्थ हुबेहूब मांसासारखे दिसतात. आईंना आधी सांगा, नाहीतर त्या ताट बाजूला सारतील. रस्त्यावरचं काहीही ‘फक्त भाजीचं आहे’ म्हणून त्यांना देऊ नका. कोळंबीचा आंबवलेला गोळा इथे चटण्यांपासून पालेभाजीपर्यंत सगळीकडे असतो. ‘चार क्वे त्याव’ नावाच्या परतलेल्या शेवयांत बहुधा डुकराची चरबी घालतात.

तुम्ही मासे खात असाल तर आसाम लाक्सा सोडू नका. चिंचेच्या आंबट रश्श्यातल्या तांदळाच्या जाड शेवया, आणि त्यात शिजवून कुस्करलेला मासा. हा मासा म्हणजे आपला बांगडाच. वरून पुदिना, अननस, कांदा. कोकणातल्या माणसाला पहिल्या घोटाला ओळख पटते. आणि शेवटी सगळ्यांनी मिळून चेंडोल घ्या. नारळाचं दूध, माडाचा गूळ, बर्फ, पांदानच्या हिरव्या शेवया आणि राजमा. आईंनाही चालेल. जायफळाच्या फळाचं सरबतही मिळतं, तेही प्या.

वेळ उरला तर परतीच्या वाटेवर च्यू जेटी. समुद्रात खांब रोवून बांधलेल्या लाकडी वाटेच्या दोन्ही बाजूंना घरं आहेत, एकाच आडनावाच्या लोकांची. तिथे आजही कुटुंबं राहतात, तेव्हा दारातून आत डोकावून फोटो काढू नका. मोठ्याने बोलणंही टाळा.

दुपारी ३ ला परत फिरा. जहाजाची स्वतःची सहल उशिरा आली तर जहाज थांबतं, आपण स्वतः फिरत असलो तर थांबत नाही. पेनांगचं घड्याळ सिंगापूरचंच आहे, पण याच फेरीत फुकेत असेल तर तिथे एक तास मागे आहे. तेव्हा जहाजाची वेळ आणि गावाची वेळ रोज विचारून घ्या. समुद्रात असताना फोन विमान मोडवर ठेवा. जहाजाचं नेटवर्क आपोआप पकडलं गेलं तर बिल फार मोठं येतं. मलेशियाने भारतीयांना डिसेंबर २०२३ पासून व्हिसा माफ केला आहे, तरी सध्याचा नियम निघण्याआधी बघा. सिंगापूरचा व्हिसा मात्र एकाहून जास्त वेळा प्रवेश देणारा हवा, कारण क्रूझ संपल्यावर तुम्ही तिथे पुन्हा शिरणार आहात. हे तिकीट काढतानाच तपासा.

आणि तुमचा दिवस शुक्रवार असेल तर मशीद सकाळी लवकर करा. दुपारच्या नमाजाच्या वेळी पाहुण्यांना आत सोडत नाहीत.