विज्ञानकथेत स्त्रीवाद, वंशभेद आणि राजकारण आणल्याने कथा प्रचारकी होते का?

विज्ञानकथा लिहिताना हे विषय आणावेत की कथा 'शुद्ध' ठेवावी, असे आपण विचारले आहे. माझ्या मते शुद्ध कथा नसतेच. जिच्यात राजकारण दिसत नाही, तिच्यात ते लेखकाने न तपासता तसेच राहू दिलेले असते. हे मी स्वतःची एक कथा बिघडवून शिकले, म्हणून सविस्तर लिहिते.

पंधरा वर्षांपूर्वी मी पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या अंतराळप्रवासावर एक कथा लिहिली. यानात चारशे माणसे, मोजके पाणी, मोजकी हवा आणि दोनशे वर्षांचा प्रवास. अशा यानात इंजिनापेक्षा कठीण प्रश्न असतो तो चारशेचे साडेचारशे होऊ न देण्याचा आणि साडेतीनशेही होऊ न देण्याचा, आणि त्याची किंमत प्रत्येक पिढीतल्या बायका आपल्या शरीराने मोजतात. माझी नायिका पाणी शुद्ध करणाऱ्या विभागात काम करत होती. शेजारच्या विभागात दोन मृत्यू झाल्यामुळे तिला तिसऱ्या मुलाचा हुकूम येतो आणि ती नकार देते. संपादकांना कथा आवडली, परंतु नकाराची बारा पाने त्यांनी 'स्त्रीवादी भाषण' म्हणून काढायला सांगितली. वाचकाला विज्ञान हवे असते, असे त्यांचे म्हणणे होते. त्या पानांत एकही भाषण नव्हते. पहिली कथा छापून येणार या आशेने मी ती काढली आणि त्या जागी एक वाक्य घातले: 'यानाची लोकसंख्या कायम ठेवण्यात आली होती.'

कोणी ठेवली? कोणाला विचारून? त्या वाक्याला कर्ताच नाही. अंक हातात आला तेव्हा माझ्या लक्षात आले की राजकारण कथेतून गेलेलेच नव्हते. मी फक्त हुकूम देणाऱ्यांच्या बाजूला जाऊन बसले होते. शिवाय विज्ञानही लंगडे पडले होते, कारण बंदिस्त यानात माणसांची संख्या हा प्राणवायूइतकाच हिशेबाचा विषय आहे.

भाषा तर आपल्याला एका वाक्यापुरतेही तटस्थ राहू देत नाही. अमेरिकी विज्ञानकथा लेखिका उर्सुला ले ग्विन यांनी 1969 च्या 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' या कादंबरीत कायमचे लिंग नसलेली माणसे कल्पिली आणि त्यांच्यासाठी पुल्लिंगी सर्वनाम वापरले. 1976 च्या निबंधात त्यांनी या निवडीचे समर्थन केले, आणि पुढे त्याच निबंधाला टिपा जोडून आपले मत बदलल्याचे स्पष्ट लिहिले. इंग्रजीत अडचण सर्वनामाची आहे. मराठीत 'वैमानिक आला' की 'वैमानिक आली' हे क्रियापदातच ठरवावे लागते. माझ्या पहिल्या खर्ड्यातले सगळे अभियंते 'आला, म्हणाला, गेला' असे होते, आणि ते मी ठरवून केलेले नव्हते.

वंशाच्या बाबतीतही हेच घडते. कृष्णवर्णीय अमेरिकी विज्ञानकथा लेखक सॅम्युअल डिलेनी यांनी लिहून ठेवले आहे की त्यांची 'नोव्हा' ही कादंबरी जॉन कॅम्बेल या संपादकांनी मासिकात क्रमशः छापायला नाकारली. कादंबरी त्यांना आवडली होती, पण कृष्णवर्णीय नायक आपल्या वाचकांना जवळचा वाटणार नाही असे त्यांना वाटत होते. म्हणजे पुन्हा 'वाचकाला हवे असते' हेच कारण. वाचकाच्या नावाने संपादक स्वतःचीच आवड सांगत असतो, असे माझे ठाम मत आहे, आणि लेखकाने अशा वेळी 'हे तुम्हाला खटकते की वाचकाला?' असे सरळ विचारावे. मी ते विचारले नाही.

अर्थात पात्रांच्या तोंडी जाहीरनामे घातलेल्या कथाही मी वाचल्या आहेत आणि त्या कंटाळवाण्या असतात. तो आक्षेप खरा आहे. आपल्या अनुभवाबाहेरच्या वंशाविषयी लिहायचे असेल तर त्या माणसांनी स्वतः लिहिलेले आधी भरपूर वाचावे लागते, आणि त्याबद्दल माझ्यापेक्षा अधिक जाणणारे कोणी इथे उत्तर द्यावे. प्रत्येक संपादक माझ्या संपादकांसारखा नसतो, हेही मान्य आहे.

ती कथा मी यंदा पुन्हा लिहून काढली. बारा पाने परत घातली, आणि त्या बिनकर्त्याच्या वाक्याच्या जागी हुकूमावर सही करणाऱ्या समितीतल्या सातही जणांची नावे लिहिली.