बारोलो फिकी आणि तुरट का लागते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेहुण्यांनी मिलानहून 2019 ची बारोलो, म्हणजे इटलीतली एक रेड वाइन, आणली. लेबलवर खाली सेरालुंगा द'आल्बा असं गावाचं नाव आहे. तुम्ही ती शनिवारी संध्याकाळी उघडली, लगेच ग्लासात ओतली, सोबतीला चकली आणि मसाला शेंगदाणे. रंग पाणी घातल्यासारखा फिका, पहिल्याच घोटात तोंड कोरडं पडलं, वर आंबटपणा. मेहुण्यांना कुणी फसवलं का, आणि उरलेली अर्धी बाटली ओतून टाकायची का?

ओतू नका. बूच परत लावून फ्रिजमध्ये ठेवा, उद्या किंवा परवा काढा, ग्लासात ओतून अर्धा-पाऊण तास तशीच राहू द्या आणि मग प्या. सोबत चकली नको. तिखट आणि टॅनिन (द्राक्षाच्या सालीतला तोंड कोरडं करणारा तुरट घटक) एकत्र आले की दोन्ही चढतात, जीभ सोलल्यासारखी होते. कमी तिखटाचं, सावकाश शिजवलेलं मटण असेल तर उत्तम. शाकाहारी असाल तर लोण्यात परतलेली अळंबी आणि जुनं, कडक चीज. मटणातली चरबी आणि प्रथिनं टॅनिनला धरून ठेवतात, म्हणून तीच वाइन जेवणाबरोबर अचानक मऊ वाटते. फसवणूक बहुधा कुणीच केलेली नाही. तुम्ही वर्णन केलेली तिन्ही लक्षणं तरुण बारोलोची आहेत, त्यातही सेरालुंगाच्या.

बारोलो ही एकाच द्राक्षाची वाइन, नेब्बिओलो. कायद्याने शंभर टक्के, दुसरं द्राक्ष चालत नाही. या द्राक्षाच्या सालीत रंग मुळातच कमी आणि टॅनिन भरपूर. त्यामुळे दिसायला नाजूक आणि तोंडात आडदांड असा विचित्र जोड तयार होतो. काबर्ने किंवा शिराझ पिऊन आपले डोळे 'गडद म्हणजे चांगली' असं शिकलेले असतात. इथे ते माप सोडून द्या. शाईसारखी काळीकुट्ट बारोलो समोर आली तर मला उलट शंका येते. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरून कड बघा: आत लालसर, कडेला विटकरीकडे झुकणारा रंग दिसेल. पुढे वयानुसार ती नारिंगी छटा आत सरकत जाते. वासात सुकलेल्या गुलाबपाकळ्या, आंबट चेरी, ज्येष्ठमध आणि चक्क डांबर. डांबराचं ऐकून लोक हसतात, पण पहिल्या पावसाआधी तापलेल्या नव्या रस्त्याचा वास ओळखीचा असेल, तर ग्लासात तो सापडतोच.

हा कडकपणा मुद्दाम केलेला नाही, तो त्या वेलीच्या स्वभावातून येतो. नेब्बिओलो वसंतात सगळ्यांच्या आधी फुटतो आणि सगळ्यांच्या शेवटी, ऑक्टोबरात पिकतो. म्हणजे एका टोकाला उशिराच्या दहिवराची भीती, दुसऱ्या टोकाला शरदातल्या पावसाची. शिवाय काडीच्या बुडाकडचे पहिले दोन-तीन डोळे बहुधा वांझ असतात, म्हणून आखूड छाटून चालत नाही, लांब काडी राखावी लागते. थॉम्पसनची बाग केलेल्या नाशिककराला हे लगेच समजेल. फरक एवढाच की आपल्याकडे वेल थंडीत पूर्ण झोपत नाही, म्हणून वर्षात दोनदा छाटावी लागते, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी. तिथे वेल हिवाळाभर बर्फात झोपते, आणि आपण फळछाटणी करतो त्या महिन्यात तिथे काढणी चालते.

इतक्या नखरेल द्राक्षाला जागाही तशीच लागते. आल्बा गावाच्या आसपासच्या लांगे टेकड्यांत जुनी रीत अशी, की हिवाळ्यात ज्या उतारावर बर्फ आधी वितळतो ती जागा नेब्बिओलोची. दक्षिणेकडे तोंड असलेले उतार त्याला, थंड जागा दोल्चेत्तोसारख्या लवकर पिकणाऱ्या द्राक्षांना. आजच्या नियमांतही थेट उत्तरेकडे तोंड असलेला उतार आणि दरीचा तळ बारोलोसाठी चालत नाही. अकरा गावांत मिळून क्षेत्र दोन हजारांहून थोडे जास्त हेक्टर, बस्स. त्यातही मातीचे दोन ढोबळ भाग. पश्चिमेला ला मोर्रा आणि बारोलो गाव, तिथली निळसर करडी चुनखडीमिश्र माती वाइनला सुगंध आणि लवकर येणारा मऊपणा देते. पूर्वेला सेरालुंगा आणि मोनफोर्ते, तिथली माती जास्त जुनी, वाळूच्या दगडाचे थर असलेली, आणि वाइन घट्ट बांध्याची, उशिरा उलगडणारी. तुमच्या लेबलवरचं गाव म्हणून महत्त्वाचं. त्यात 2019 हे ताकदीचं वर्ष. मला विचाराल तर ती बाटली निदान आणखी पाच-सहा वर्षं कुणी उघडायला नको होती. ला मोर्राची असती तर तुमचा शनिवार बराच बरा गेला असता.

कायदाही घाई करू देत नाही. बारोलो 38 महिन्यांआधी विकता येत नाही, त्यातले 18 महिने लाकडात काढावे लागतात. लेबलवर रिझेर्वा, म्हणजे जास्त काळ मुरवलेली, असं लिहायचं असेल तर 62 महिने.

गंमत म्हणजे ही वाइन कायम अशी कोरडी नव्हती. 1787 मध्ये थॉमस जेफरसन तुरीनला गेला होता तेव्हा त्याने नेब्बिओलो चाखली आणि टिपणात लिहून ठेवलं की ती गोडसर, तुरट आणि फसफसणारी आहे. तिन्ही एकाच वेळी. कारण साधं आहे. द्राक्षं ऑक्टोबरच्या शेवटी तळघरात यायची, लगेच थंडी पडायची आणि आंबणं अर्धवट थांबायचं, साखर तशीच राहायची. एकोणिसाव्या शतकात तळघरं सुधारली, आंबवणं शेवटपर्यंत न्यायला लोक शिकले आणि आजची कोरडी बारोलो घडली. याचं श्रेय बारोलोची मार्केझा, म्हणजे सरदारीण, जुलिया फाल्लेत्तीला देतात. ती मूळची फ्रेंच, तुरीनमधल्या स्त्री-कैद्यांसाठी तिने केलेलं काम खरं तर वाइनपेक्षा मोठं. पुढे इटलीचा पहिला पंतप्रधान झालेला कावूर तरुणपणी शेजारच्या ग्रिंझानेचा महापौर होता, त्याचंही नाव यात येतं. नेमकं कुणी काय केलं यावर इतिहासकार अजून भांडतात, त्यात मी पडत नाही. राजा कार्लो आल्बेर्तोला मार्केझाने उपासाचे दिवस वगळून वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एक पिंप पाठवलं, ही गोष्ट पर्यटकांना सगळीकडे ऐकवतात. दंतकथा म्हणून ऐकायला छान आहे.

पण 'वाइनमागे वारसा आहे' म्हणताना लोक राजवाडेच बघतात, आणि मला ते खटकतं. या टेकड्या पन्नास-साठ वर्षांपूर्वीपर्यंत गरीब होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर तरुण पोरं शेत सोडून तुरीनला फियाटच्या कारखान्यात जात होती. आल्बात 1946 मध्ये फेरेरो कंपनी सुरू झाली, तीच नुटेलावाली, आणि तिने गावोगाव कामगारांसाठी बस पाठवल्या. पाळी संपली की माणूस संध्याकाळी घरी, आपल्या वेलींकडे. बऱ्याच छोट्या बागा त्या बसमुळे टिकल्या असं तिथले लोक सांगतात, आणि ते पटतं. त्यानंतर 1986 चा मिथेनॉलचा प्रकार झाला. पिएमोंते, म्हणजे बारोलोच्याच प्रांतामधल्या काही व्यापाऱ्यांनी स्वस्त वाइनमध्ये मिथेनॉल हा विषारी अल्कोहोल मिसळला, वीसहून अधिक माणसं दगावली. बारोलोच्या चांगल्या उत्पादकांचा त्यात हात नव्हता, पण इटालियन वाइनचं नाव सगळीकडेच खराब झालं. त्यानंतर स्वतःची बाग, स्वतःची बाटली, स्वतःचं नाव यावर जो जोर आला त्याला हीही पार्श्वभूमी आहे.

त्याच काळात लाकडावरून भांडण पेटलं. जुनी मंडळी मोठ्या पिंपांत वाइन वर्षानुवर्षं ठेवणारी, नवी मंडळी छोट्या फ्रेंच पिंपांत, म्हणजे बॅरिकांत, लवकर मऊ करणारी. एलिओ आल्तारेने वडिलांची जुनी पिंपं करवतीने कापली, वडिलांनी त्याला वारसाहक्कातून काढलं. उलट बाजूला बार्तोलो मास्कारेल्लोने हाताने रंगवलेल्या लेबलवर 'बॅरिक नको, बेर्लुस्कोनी नको' असं लिहिलं (बेर्लुस्कोनी हा इटलीचा राजकारणी). आज दोन्ही बाजू मध्यावर आल्या आहेत. माझा कल मोठ्या पिंपांकडे, पण त्यावर इथे वाद नको.

आता तुमच्या उपयोगाचं. तुम्हाला हे द्राक्ष समजून घ्यायचं असेल तर पुढची बाटली बारोलो घेऊ नका, बार्बारेस्को घ्या. आल्बाच्या पलीकडच्या बाजूला, तानारो नदीच्या काठावर हे गाव. द्राक्ष तेच, जागा थोडी सखल आणि उबदार, कायद्याने 26 महिनेच थांबायचं. आणि उत्पादकाचं नाव शोधा: प्रोदुत्तोरी देल बार्बारेस्को. ही शेतकऱ्यांची सहकारी संस्था आहे.

तिची गोष्ट मला मार्केझाच्या गोष्टीपेक्षा जास्त आवडते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बार्बारेस्कोची द्राक्षं बारोलो बनवणाऱ्यांना विकली जात, स्वतःचं नाव नव्हतं. आल्बाच्या वाइनशाळेचा संचालक दोमित्सिओ कावाझ्झा याने 1894 मध्ये काही बागायतदारांना एकत्र करून सामायिक तळघर काढलं आणि बाटलीवर गावाचं नाव लावलं. फॅसिस्ट काळात ते बंद पडलं. मग 1958 मध्ये गावच्या पाद्र्याने, फादर फियोरीनो मारेंगो यांनी, एकोणीस छोट्या शेतकऱ्यांना घेऊन ते पुन्हा उभं केलं. एकट्याने बाग धरून ठेवणं परवडत नाही आणि पोरं गाव सोडताहेत, हे त्यांना रोज दिसत होतं. पहिल्या तीन हंगामांची वाइन चर्चच्या तळघरात बनली.

नियम एकच, पण कडक: सभासदाने आपलं सगळं नेब्बिओलो संस्थेलाच द्यायचं. चांगला घड स्वतःला आणि उरलेला संस्थेला, हे चालत नाही. सहकारी साखर कारखाना बघितलेल्या माणसाला या एका नियमाची किंमत वेगळी सांगायला नको. भाव नुसत्या वजनावर नाही, द्राक्षाच्या प्रतीवर मिळतो. चांगल्या वर्षी नऊ उतारांची वाइन वेगवेगळी बाटलीबंद होते: आझीली, राबाया, मोन्तेस्तेफानो, ओवेल्लो वगैरे. वर्ष बेताचं असेल तर ती सगळी साध्या बार्बारेस्कोत जाते, त्यामुळे पडत्या वर्षीही त्यांची साधी बाटली सहसा निराश करत नाही. नऊही उतारांना तळघरात वागणूक एकच, मग चवीत जो फरक उरतो तो मातीचा आणि उन्हाचा. मित्र जमवून आझीली आणि मोन्तेस्तेफानो शेजारी-शेजारी उघडा. पहिली गुलाबाकडे झुकणारी, मऊ. दुसरी उग्र, पाठीच्या कण्याची. एकच द्राक्ष, एकच गाव, एकच वर्ष.

भारतात आयातशुल्क आणि राज्याचा कर मिळून किंमत डोळे पांढरे करते, म्हणून मेहुण्यांनाच यादी द्या. प्रोदुत्तोरीचीच 'लांगे नेब्बिओलो' बार्बारेस्कोपेक्षा बरीच स्वस्त आणि लगेच पिण्याजोगी, सुरुवात तिच्यापासून केली तरी चालेल. महाराष्ट्रात पिकलेलं इटालियन द्राक्ष चाखायचं असेल तर अकलूजच्या फ्रातेल्लीची 'सेत्ते' बघा. तिच्यात तोस्कानाचं सांजोवेझे आहे, नेब्बिओलो नाही, पण टॅनिन आणि आंबटपणा यांचा इटालियन तोल जिभेला कळतो.

शेवटी दोन बारीक गोष्टी. 'रेड वाइन घरच्या तापमानाला' हा सल्ला थंड देशांतला आहे. पुण्याच्या मे महिन्यात 33 अंशांची बारोलो म्हणजे नुसता अल्कोहोलचा भपका. दीड-दोन तास फ्रिजमध्ये ठेवून 17-18 अंशांवर आणा. आणि पुढची बाटली साठवून ठेवायची असेल तर स्वयंपाकघरातल्या कपाटात नको, दोन उन्हाळ्यांत तिचं वाटोळं होईल. वाइनचा फ्रिज नसेल तर भाज्यांच्या ट्रेमध्ये आडवी ठेवा आणि वर्ष-दीड वर्षात संपवा.