फ्रीजरमधली सुरमई चोथा का होते?

प्रश्न : ताई, जूनपासून मासेमारी बंदी म्हणून मे अखेरीस दोन मोठ्या सुरमई आणल्या, तुकड्या करून पिशवीत बांधून फ्रीजरला टाकल्या. जुलैत तळायला काढल्या तर ताटलीत हे एवढं पाणी आणि तुकडी चोथा चावल्यासारखी. मिस्टर म्हणतात प्रोटीन सगळं मेलं, आता नुसती जिभेची हौस. खरंय का? – एक वाचक, मालवण

उत्तर : मिस्टरांना सांगा, प्रोटीन आहे तिथेच आहे, त्याचं पाणी धरून ठेवायचं बळ गेलंय. ताज्या सुरमईत १०० ग्रॅमला साधारण २० ग्रॅम प्रोटीन असतं, फ्रीजरमधून काढलेलीतही जवळपास तेवढंच मिळतं आणि पचतंही. बिघडतो तो त्याचा आकार. माशाच्या स्नायूत मायोसिन नावाचं प्रोटीन असतं, ते ताज्या माशात पाणी धरून बसलेलं असतं. घरचा फ्रीजर मासा हळूहळू गोठवतो, त्यात मोठमोठे बर्फाचे खडे होतात, पेशी फाटतात, आणि उरलेल्या थोड्याशा पाण्यात मीठ-क्षार इतके दाट होतात की मायोसिनच्या गुठळ्या होतात, त्या परत काही सुटत नाहीत. मग बर्फ सुटला की पाणी बाहेर आणि मागे उरतो चोथा.

त्यात आपल्याकडची लाईट! पहिल्या पावसात चार तास गेली की वरचा थर सैल पडतो, आली की परत गोठतो, आणि दर वेळी बर्फाचे खडे आणखी मोठे. दोन महिन्यांत असं किती वेळा झालं असेल ते तुम्हीच मोजा.

ताटलीतलं ते पाणी मात्र फुकट घालवू नका, त्यात विरघळणारं थोडं प्रोटीन आणि बी व्हिटॅमिन असतात. खरा नुकसानीचा हिशोब तिथे आहे. म्हणून जुनी तुकडी तळायच्या भानगडीत पडूच नका, अर्धवट गोठलेलीच उकळत्या कालवणात सोडा, जे सुटेल ते रश्शातच राहील. पुढच्या वर्षी तुकड्या आधी सुट्ट्या गोठवा, मग बर्फाच्या पाण्यात बुचकळून परत गोठवा, वर काचेसारखा पातळ थर येतो आणि मासा सुकत नाही, कंपनीवाले हेच करतात. आणि बांगडा, तारली दोन-तीन महिन्यांच्या वर ठेवू नका, त्यांचं तेल फ्रीजरमध्येही खवट होतं आणि तो खवटपणा प्रोटीनलाही धरतो.

प्रश्न : मी जिमला जातो, कोलंबीचं फ्रोझन पाकीट आणतो, ५०० ग्रॅमचं. बर्फ गेल्यावर ३८० भरली आणि कढईत तर बोटाएवढीची नखाएवढी झाली. मागे ४५१ असं काहीतरी लिहिलंय. – एक वाचक, चिपळूण

उत्तर : ४५१ म्हणजे ट्रायफॉस्फेट. दादा, हे विष नाही, प्रोटीन तोडतही नाही, उलट प्रोटीनचे धागे फुगवून पाणी धरायला लावतं, थोडं घातलं तर कोलंबी कोरडी पडत नाही, त्यासाठीच ते आहे. पण जास्त वेळ भिजवून ठेवली की कोलंबी पाणी पिऊन वजनदार होते आणि तुम्ही पाण्याला कोलंबीचा भाव देता. तुमचे १२० ग्रॅम गेले ते बरेचसे वरच्या बर्फाचे असतील, कढईत आटली ती पोटातल्या पाण्याची. तेव्हा प्रोटीनचा हिशोब पाकिटावरच्या वजनाने करू नका, चाळणीत निथळून मग काटा लावा. घरात कोणाला किडनीचा त्रास असेल तर हे पाकीट त्यांच्यासाठी नको, फॉस्फेट त्यांना बाधतं.

गंमत सांगते, प्रोटीन वाचवायला साखरही घालतात. रत्नागिरीकडे राणी माशाचं सुरीमी बनतं ना, तो मासा धुऊन धुऊन उरलेल्या पांढऱ्या लगद्यात साखर आणि सॉर्बिटॉल (साखरेसारखाच एक गोड पदार्थ) मिळून ८ टक्क्यांच्या आसपास घालतात म्हणजे गोठवल्यावर मायोसिन शाबूत राहतं. ही युक्ती १९६० च्या सुमाराला जपानात सापडली. हॉटेलातली 'क्रॅब स्टिक' याच सुरीमीची, तिची चव गोडसर लागते ती त्यामुळे, आणि त्यात खेकडा शोधू नका.

प्रश्न : मुलाच्या डब्याला सॉसेज रोज चालतील का? – एक वाचक, पनवेल

उत्तर : रोज नको. त्यातलं नायट्राइट (पाकिटावर २५०) गुलाबी रंग टिकवतं आणि बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू रोखतं, प्रोटीनला त्याने फारसं काही होत नाही. पण प्रक्रिया केलेल्या मांसाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१५ मध्ये कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत धरलंय, रोज ५० ग्रॅमने आतड्याच्या कॅन्सरचा धोका साधारण १८ टक्के वाढतो असा त्यांचा अंदाज आहे. कधीतरी खाल्लं तर ठीक. रोजच्याला उकडलेलं अंडं द्या.

प्रश्न : सासूबाईंनी गेल्या वर्षीचे खारे बांगडे आणि सुके बोंबील बरणीत जपून ठेवलेत. बोंबील पिवळट झालेत, बांगड्यावर लालसर डाग. टाकते म्हटलं तर रागावतात! – एक वाचक, गुहागर

उत्तर : सासूबाईंची बाजू आधी घेते, सुक्या बोंबलात १०० ग्रॅमला साठेक ग्रॅम प्रोटीन असतं, ओल्यात दहाच्या आसपास, त्यामुळे वस्तू जपण्यासारखीच आहे. पण पिवळेपणा म्हणजे तेल खवट झालंय आणि उबेत पडून प्रोटीनमधलं लायसिन (शरीराला लागणारा प्रोटीनचा एक घटक) अडकलंय, तुमच्या पोटात जाईल पण अंगी लागणार नाही. आपल्या भाताला नेमकी लायसिनचीच कमी असते, म्हणून तर सुकट-भात ही जोडी जमते, आणि इथे तीच मोडते.

बांगडा मात्र त्यांना न सांगता टाका. लाल डाग म्हणजे मिठात वाढणारे जंतू. शिवाय मीठ लावायच्या आधी बांगडा उन्हात पडून राहिला असेल तर त्यातल्या हिस्टिडीन या प्रोटीनच्या घटकाचं हिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीसारखा त्रास देणारं रसायन, झालेलं असतं, ते मिठाने, फ्रीजरने, तळण्याने कशानेच जात नाही, खाल्लं की तोंड लाल, अंगावर गांधी आणि डोकं ठणकतं. यंदा खारवताना बांगडा होडीतून उतरला की आधी बर्फात घाला, मग मिठात, आणि बरणी चुलीच्या वरच्या फळीवर ठेवू नका.