चित्रपटांतल्या आई सुलोचनादीदी खरंच आपल्या सीमाभागातल्या होत्या का?

होय, अगदी आपल्याच. जन्म 30 जुलै 1928, गाव खडकलाट. निपाणीहून चिकोडीकडं जाताना लागतं ते. आमच्याकडची म्हातारी माणसं अजून ‘आपली खडकलाटची’ असंच म्हणतात. त्या काळी इथल्या माणसाला सिनेमा म्हणजे कोल्हापूर. त्याही तिकडंच गेल्या. भालजी पेंढारकरांकडं जयप्रभा स्टुडिओत घडल्या, सुलोचना हे नावही भालजींनीच दिलेलं.

मराठीत त्या नायिका होत्या, हे हिंदी प्रेक्षकाला ठाऊकच नसतं. 1953 चा ‘वहिनींच्या बांगड्या’ बघा. हिंदीत मात्र तिशीतच आईच्या भूमिका सुरू झाल्या. 1959 च्या ‘दिल देके देखो’मध्ये त्या शम्मी कपूरची आई झाल्या, त्याच वर्षी ‘सुजाता’त नूतनला वाढवणारी आई. 1970 च्या ‘जॉनी मेरा नाम’मध्ये तर देव आनंद आणि प्राण दोघांचीही आई, आणि वयानं दोघांपेक्षा लहान! नायक म्हातारे होत नसत, बायकांनाच लवकर पांढरे केस लावत.

1999 मध्ये पद्मश्री, पुढं महाराष्ट्र भूषण. 4 जून 2023 ला मुंबईत गेल्या. माझ्या मते हिंदीतल्या रडक्या आईपेक्षा त्यांचं मराठी काम सरस. आधी ‘मोलकरीण’ बघा.