नातवाने रंगवलेले आजोबा

प्रश्न : शाहीर साबळे यांच्या जीवनावरील ‘महाराष्ट्र शाहीर’ हा चित्रपट आमच्या वाचक मंडळाने नुकताच एकत्र पाहिला. नंतरच्या चर्चेत काहींनी ‘नातवाने काढलेल्या चित्रपटात गुणगानाखेरीज दुसरे काय असणार?’ असे म्हणून विषयच मिटवला. ही रीत योग्य आहे का?
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : दिग्दर्शक केदार शिंदे हे शाहिरांचे नातू आहेत हे सर्वश्रुत आहे, शाहिरांच्या पत्नी भानुमती यांची भूमिकाही शिंदे यांच्या कन्येनेच केली आहे. तेव्हा शंका येणे स्वाभाविक आहे, मात्र ती एखाद्या प्रसंगावर बोट ठेवून मांडली पाहिजे. घरच्या माणसाला जे ठाऊक असते ते परक्याच्या हाती लागत नाही, आणि भिडेपोटी नेमके तेच झाकलेही जाते. यांपैकी काय घडले, हे नात्यावरून ठरत नाही. चित्रपट एप्रिल २०२३मध्ये आला, ते शाहिरांचे जन्मशताब्दी वर्ष होते आणि ‘जय जय महाराष्ट्र माझा’ला राज्यगीताचा मान मिळून जेमतेम दोन महिने झाले होते. अशा दिवसांत अभिमान आणि रसग्रहण यांची थोडी गल्लत व्हायचीच.

मला खटकते ते वेगळेच. लोकगायकाच्या चरित्रपटात गाणे बहुधा एकट्या नायकाच्या नावावर जमा होते. वास्तविक त्या राज्यगीताचे शब्द राजा बढे यांचे, चाल श्रीनिवास खळे यांची आणि आवाज साबळ्यांचा. शाहिरीत तर डफ, तुणतुणे आणि मागे झील (ध्रुपदाची साथ) धरणारे यांच्याविना पोवाडा उभाच राहत नाही. या मंडळींना पडद्यावर चेहरे मिळाले, की ती नायकामागची गर्दी ठरली, हे आपल्या मंडळाने तपासायला हवे होते. अजय-अतुल यांचा भव्य वाद्यमेळ डफावर रंगणाऱ्या त्या गायकीला कितपत मानवला, हाही वादाचा चांगला मुद्दा आहे.

आपल्या जिल्ह्यातले, सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे लोककवी वामनदादा कर्डक शाहिरांहून एका वर्षाने मोठे. त्यांची गाणी इतक्या गायकांच्या तोंडी रुळली, की त्यांच्यावरचा चित्रपट एका चेहऱ्यावर पेलणारच नाही. मग तो नातवाने काढो की परक्याने.

पुढच्या बैठकीत चित्रपटातील एखादे जुने गाणे साबळ्यांच्या मूळ ध्वनिमुद्रणाशेजारी ठेवून ऐकावे आणि मग खुशाल भांडावे.